पाठदुखी

आखाजीच्या सणाला गावातल्या बारा गाड्या ओढायचा मान झुलालनानांच्या घराण्याचा. एकमेकींना बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत खच्चून भरलेली माणसं, बैल एकही नाही, आणि पुढे एकटा भगत. मोठे भाऊ पुनादादा हयातभर ओढत आले. "आपण नुसता दोर कमरेला बांधायचा, ओढणारा खंडेराव," असं ते म्हणायचे. हिवाळ्यात दादा गेले आणि पन्नाशी उलटलेल्या नानांच्या कमरेला दोर आला. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस. त्यांचा खंडेरावावर भरवसा होता, स्वतःच्या कमरेवर नव्हता.

गावच्या तालमीत जायची सोय नव्हती. भगत जोर मारताना दिसला तर लोक विचारणार, मग देव काय करतो? म्हणून नानांनी खुंटीवरची दादांची बाजाराची पिशवी घेतली आणि एसटीनं एरंडोल गाठलं. भरदुपारी तालमीत वस्ताद एकटेच माती चाळत बसले होते.

"पाठ भलती दुखस, वस्ताद," नाना म्हणाले. "डॉक्टर सांगस, जोर-बैठका मारा."

वस्तादांनी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. उठून कोपऱ्यातली, मुठीशी गुळगुळीत झालेली मुद्गलांची जोडी आणली आणि नानांच्या हातात दिली.

"धरा. तुमना दादानीबी पाठ दर साल आखाजीना आधी अशीच दुखे."