झाकून ठेवलेली गाडी

लेकाला गाडीत मोठा टर्बो बसवायचा होता, नवं सस्पेन्शनही ठरलं होतं. तो अचानक गेला. आईने मेकॅनिकला सांगितलं, "दादा, गाडी आहे तशीच राहू दे. कितीही वर्षं."

मेकॅनिकने पेट्रोल काढलं, बॅटरी नेली, गाडी स्टँडवर चढवून कव्हर घातलं.

महिन्याभराने आईने त्याला बोलावलं. "बॉनेट गरम लागतंय."

"बॅटरीच नाही ताई, गरम कसं होईल?" म्हणत त्याने कव्हर सारून हात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

आईने मात्र तापल्या कपाळावर ठेवावा तसा तळहात तिथेच ठेवला. तिचे डोळे भरून आले.

बंद काचा वाफेने धुरकटल्या होत्या. मेकॅनिकने फडक्याने पुसून पाहिल्या. वाफ आतून होती.

मग ड्रायव्हरच्या बाजूची काच आतून कुणीतरी हळूहळू पुसू लागलं.