पारास्काच्या तळघरातली भट्टी

“तिला आता शेवटचा नमस्कार करा, आजी. ही परत पेटायची नाही,” भट्टी बसवायला आलेला बेनी म्हणाला आणि त्यानं घर तापवणाऱ्या जुन्या भट्टीचा पत्रा थोपटला.

पारास्का कोट घालून तळघराच्या पायरीवर बसली होती. भट्टीचं पोट तडकलेलं पाहून गॅस कंपनीच्या माणसानं तिला धोक्याची लाल चिठ्ठी बांधली होती आणि गॅस बंद केला होता. विषारी वायू घरात शिरेल, म्हणाला. कॅनडातल्या विनिपेगच्या जानेवारीत भट्टीविना घर म्हणजे बर्फाची पेटीच. तेव्हापासून ती विजेच्या एका शेगडीवर तग धरून होती.

मुलगा नेस्तोर कॅल्गरीहून आला, तेव्हा तिनं धसकाच घेतला होता. गेल्या वर्षीच तो म्हणाला होता, “आई, भट्टी म्हातारी, तू म्हातारी. दोघींकडे लांबून मी कसं बघू?” त्यानं पाहून ठेवलेला वृद्धाश्रम शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. इथून युक्रेनी चर्च हाकेच्या अंतरावर. रविवारची प्रार्थना तिथं वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यावर चालायची आणि पहिला सूर पारास्काचा असायचा. फादर बोलता बोलता गाऊ लागले की तिला वाटायचं, देव शेजारच्याच बाकावर येऊन बसलाय. ते सुटलं तर मला ठेवून काय करणार आहेस, असं ती त्या देवाला सरळच विचारायची.

आणि नेस्तोरनं चक्क नवी भट्टी मागवली. पारास्काच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

तळघरही त्यानंच आवरलं. भट्टीभोवती मोकळी जागा लागते म्हणून काकडीच्या लोणच्याच्या बरण्या शेजारी देऊन टाकल्या, पांघरुणं खोक्यांत भरली.

“कोपऱ्यात सरकव की नुसतं,” ती म्हणाली.

“एकदाच होऊन जाऊ दे, आई.”

बेनीनं नवी भट्टी सपाट बसवली. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, अशा दोन नळ्या भिंतीतून साचलेल्या बर्फाच्या बऱ्याच वर काढल्या. मग गॅसच्या एकेका सांध्याला साबणाचं पाणी लावून गळतीचे बुडबुडे येतात का ते पाहत बसला.

“दाढी करतोस का रे तिची?” पारास्कानं विचारलं.

“माझी बायको हेच म्हणते, आजी. म्हणे, मला कधी इतकं कुरवाळलं नाहीस.”

शेवटी त्यानं दारं-खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरातला पंखा चालू केला आणि गॅसवरच्या गरम पाण्याच्या टाकीपाशी धुराची काडी धरली. धूर चिमणीत जायचा सोडून खोलीत परतला. बेनीचा चेहरा पडला. “जुनी भट्टी होती तोवर चिमणी तापायची. आता एकट्या टाकीला ती फार मोठी पडते. आत बारीक नळी सोडायला हवी.”

“आज राहिलं तर?” नेस्तोर म्हणाला.

“नाही राहायचं. इथं कोणीही झोपलं तरी सकाळी उठलं पाहिजे.”

नेस्तोर थोडा विचार करून म्हणाला, “ठीक आहे. करा. उद्या कोणी तपासायला आलं तर बोट ठेवायला जागा नको.”

किती काळजी माझी, पारास्काच्या मनात आलं.

चिमणीत नळी उतरली. काडीचा धूर या वेळी मुकाट्यानं वर गेला. बेनीनं गॅसच्या नळीतली हवा काढली, दाब मोजला आणि कळ दाबली. आधी छोटा पंखा घुमला, मग आत काहीतरी लालबुंद झालं आणि निळ्या ज्योतींची ओळ पेटली. जरा वेळानं जाळीतून ऊब आली. पारास्कानं छातीवर क्रॉस केला आणि रविवारचा तो पहिला सूर लावला. बेनी हातातला पाना तसाच धरून ऐकत राहिला.

“हवा गाळायची जाळी कधी बदलायची?” नेस्तोरनं विचारलं. “घरात फारशी हालचाल नसली तर?”

“मग हिवाळाभर बघायला नको.”

“ऐकलंस, बेनी? मला खुर्ची-टेबलात धरतो हा,” पारास्का हसली.

नेस्तोर हसला नाही. घराचं तापमान ठरवणाऱ्या, भिंतीवरच्या नव्या थर्मोस्टॅटपाशी उभा राहून तो त्याच्याशी आपला फोन जुळवत होता. “हे मी कॅल्गरीहून बघेन, आई. तू हात लावू नकोस.”

पारास्काला भरून आलं. लेक तिकडं बसून आईचे पाय गार पडले का बघतो, हे ती रविवारी अख्ख्या चर्चला सांगणार होती.

आईला बाहेर जेवायला नेतो म्हणून नेस्तोर गाडी तापवायला गेला. पारास्कानं तेवढ्यात बेनीला बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पिरोगी वाढल्या, वर परतलेला कांदा.

“भात नसला की माझं पोट रुसतं, आजी. पण आज गप्प बसलंय.”

तो जेवत होता तेवढ्यात तिनं हळूच थर्मोस्टॅट बावीस अंशांवर नेला. आकडा क्षणभर थांबला आणि उतरत उतरत दहावर आला. तिनं पुन्हा बावीस केले. पुन्हा दहा. भट्टी बिघडली तर नेस्तोरला वृद्धाश्रमाचं निमित्तच मिळेल.

“बेनी, अरे काहीतरी चुकलंय,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “सारखी दहावर येते बघ. नेस्तोर आत यायच्या आधी नीट कर, बाबा.”

तोंडात घास असतानाच बेनीनं मान हलवली. “चुकलं नाही, आजी. तुमच्या नेस्तोरनंच तिला कुलूप घालायला सांगितलंय. नळ गोठू नयेत एवढ्यापुरते दहा पुष्कळ झाले, घर विकलं जाईपर्यंत.”