सासरची म्हणतील तसं

दुपारी तीनला प्रोग्रॅम एकशे सत्तेचाळिसाव्या पोरीवर अडकला.

रक्षितानं कपाळाला हात लावला. चारला वधूवर मंडळाचे सेक्रेटरी राजशेखर मास्तर यादी बघायला येणार होते, उद्या मेळावा. मंडळाची साइट मास्तरांच्या भाच्यानं बांधलेली. त्या साइटकडं माहिती मागितली की ती सगळी स्थळं जेसॉन नावाच्या एका लांबलचक मजकुरात ओकायची. रक्षिताचं काम एवढंच, की त्यातनं एकेक माणूस उचलून साच्यात बसवायचा. नाव म्हणजे अक्षरं, उंची म्हणजे आकडा, 'लग्नानंतर नोकरी' म्हणजे होय किंवा नाही. बसलं नाही की प्रोग्रॅम जागेवर थांबायचा. भाच्यानं मात्र सगळीकडं मोकळ्या चौकटी ठेवलेल्या, आणि मोकळी चौकट दिसली की आपली माणसं निबंध लिहितात. उंचीच्या जागी एकानं 'थोरल्या भावाएवढी' लिहिलं होतं. ते तिनं सकाळीच निस्तरलं.

आता हे. लग्नानंतर नोकरी: सासरची म्हणतील तसं.

तिनं नाव बघितलं. नाव तिचंच होतं. गाव कागल. माहिती भरणारा अण्णाप्पा, नातं वडील. गेल्या महिन्यात अप्पांनी तिचा फोटो नेला होता, रेशनकार्डाला पाहिजे म्हणून.

ऑफिसचे मालक हंबीरराव चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले.

"काय झालं गं?"

"होय न्हाय दोनच घेतंय सर. ह्यांनी तिसरंच लिहिलंय."

"मग रकान्याला अक्षरं कर की. काय बी गिळतंय मग. पाच मिनटाचं काम."

पाच मिनिटांचंही नव्हतं. एक शब्द बदलायचा, की अप्पांचं वाक्य गुपचूप आत. उद्या ते माईकवरनं वाचलं जाणार. आणि तीन वर्षं एसटीत उभ्यानं ये-जा करून मिळवलेली ही खुर्ची, अजून तोंडही न बघितलेली कुणीतरी सासू पोहे खाता खाता काढून घेणार.

"रकाना हाय तसाच ऱ्हाणार, सर."

"पार्टी जाईल माझी."

"चारला यादी मिळंल."

न बसणारी स्थळं तिनं बाजूला काढली आणि प्रत्येकापुढं लाल अक्षरांत एक ओळ छापायची सोय केली. त्या ओळीला प्रोग्रॅमपेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या तीन प्रयत्नांत शिव्या होत्या, त्या पुसल्या.

मास्तर चारच्या ठोक्याला आले. पोरं तीनशे बारा, झाडून सगळी साच्यात बसलेली. पोरींच्या यादीखाली मात्र एकेचाळीस नावं, प्रत्येकीपुढं लाल शेरा: 'उत्तर मुलीने स्वतः द्यावे.'

मास्तरांनी चष्मा सारखा केला. जन्मभर लाल शाईनं शेरे मारलेला माणूस. माणसाचं एक वेळ ऐकणार नाही, शेऱ्याचं ऐकायचाच.

"एवढ्या पोरींनी उत्तरच दिलं न्हाय?"

"बापांनी दिलंय," रक्षिता म्हणाली.

"मग पोरींकडनं घ्यायला पाहिजे." त्यांनी ऑफिसचा फोन पुढं ओढला आणि एकेचाळिसातला पहिला नंबर फिरवला. तो कागलचा होता.

"अण्णाप्पा, मंडळातनं मास्तर बोलतोय. लेकीचं नोकरीचं उत्तर ऱ्हायलंय तुमच्या."

अप्पांचा आवाज रिसीव्हर फाडून बाहेर आला. "लिवलंय की. सासरची म्हणतील तसं."

"मशीन घेईना ते."

"मग न्हाय लिवा."

"तुमचं घेईना, अण्णाप्पा. पोरीला फोन द्या."

"आत्ता कुठली ती घरात? कामाला गेलीया की. कोल्हापुरात हापिस हाय तिचं. तिच्याबिगर पान हलत न्हाय तितलं, मास्तर."

हंबीररावांनी कप खाली ठेवला आणि हनुवटीनं रक्षिताकडं खूण केली. मास्तरांनी एकदा पडद्यावरचं नाव बघितलं, एकदा पोरीकडं, आणि रिसीव्हर तिच्यापुढं धरला.

तिनं तो कानाला लावला.

"अप्पा," ती म्हणाली, "हापिसातनंच बोलतोय मी."