बिळातला आरसा

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मास्तरांचे कान गेले. पाहुणे काय बोलत होते ते त्यांना कळत नव्हतं, ते नुसते हसून मान डोलवत होते. लोकांना वाटलं, बाप हळवा झालाय.

मास्तर ऑपेराच्या वाद्यवृंदाचे संचालक होते. वाजवणारे रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसत आणि मास्तर त्यांच्यासमोर चौथऱ्यावर छडी घेऊन उभे राहत. तिथवर पोचायला उभी हयात गेली होती. आधी गायकांच्या तालमीला पियानो बडवला, मग आजारी संचालकांच्या जागी आयत्या वेळी उभे राहिले, मग कुठे स्वतःची छडी हातात आली.

कानांची गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली.

"बाहेर कळलं तर दुसऱ्या दिवशी छडी काढून घेतील," ते म्हणाले.

"मी कशाला सांगतेय?" बाई म्हणाल्या. "पण आजपासून बोलायचं ते समोरासमोर. पाठ फिरवून एक शब्द नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही."

बाई त्याच थिएटरात प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक भोक होतं, वरून लाकडी टोप. सगळे त्याला बीळ म्हणत. बाई त्यात बसून गायकांना पुढच्या ओळीचा पहिला शब्द पुरवत. तोंड गायकांकडे, पाठ मास्तरांकडे. म्हणून बिळात एक आरसा टांगलेला होता. त्यात बाईंना छडी दिसे.

आणि मास्तरांना बाईंचे ओठ दिसत.

वाद्यांच्या बाबतीत त्यांचं अडत नव्हतं. व्हायोलिनचा गज खाली आला, फुंकणाऱ्यांचे गाल फुगले, की काय वाजतंय ते त्यांना कळे. सगळं संगीत डोक्यात पक्कं होतं. अडचण गायकांची. कोण कधी सूर लांबवेल, कोण पाठ फिरवून गाईल, नेम नाही. मग मास्तर आरशात बघत. बाईंचे ओठ हलले की छडी हले. अशी वर्षांमागून वर्षं गेली, कुणाला पत्ता लागला नाही.

घरी धाकटी मुलगी यायची ती करवादतच.

"किती वेळ घंटी वाजवतेय! बाबांचं एक समजू शकते, त्यांचं वय झालं. आई, तू काय करत होतीस?"

"नळ सुरू होता गं."

"आणि ही किटली? शिट्टी मारून मारून कोरडी पडली. तू शेजारीच बसलीयेस!"

"तुझ्या बाबांच्या संगतीत मीही वेंधळी झाले," बाई म्हणाल्या, आणि मास्तर मोठ्याने हसले.

एका प्रयोगात मोठ्या गायिकेने सूर तोडला आणि ती थांबली. मास्तरांनी आरशात पाहिलं. बाईंचे ओठ बंद होते. ते थांबले. छडी वरच्या वर राहिली. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. शेवटी पहिल्या व्हायोलिनवाल्याने आपणहून गज टेकवला, आणि गाडी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, की एवढं थांबण्याची छाती या एकाच माणसाची आहे. मास्तरांनी ते कात्रण आरशाच्या कडेला खोचलं.

मग नवे व्यवस्थापक आले.

"बाई, आता गायकांना शब्द समोरच्या स्क्रीनवर दिसतात," ते म्हणाले. "बीळ बुजवून टाकू. तुम्हीही सुटाल."

मास्तरांचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्या ऑपेराची वाट पाहिली तो याच हंगामात त्यांच्या वाट्याला आला होता. "तेवढा एक होऊ द्या," ते म्हणाले. "मग बीळही बुजवा आणि मलाही घरी पाठवा."

व्यवस्थापकांनी मान्य केलं. आणि नेमकं तेव्हाच बाईंच्या छातीचं दुखणं उपटलं. त्या धुळीच्या भोकात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"बाबा, तुम्ही नको म्हणा ना तिला," मुलगी रडकुंडीला आली. "तुमचंच ऐकेल ती."

मास्तर आपल्या हातांकडे बघत राहिले. नको म्हणाले नाहीत.

"अगं, बसूनच तर राहायचंय," बाई म्हणाल्या. "उंदराला बिळात काय होतंय?"

पहिला अंक सुरळीत झाला. दुसऱ्यात बाईंनी रुमाल तोंडाशी धरला, पण शब्द आला की रुमाल बाजूला होई. तिसऱ्यात चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ मात्र वेळेवर हलत होते. मास्तरांना छडी खाली ठेवावीशी वाटली. त्यांनी ठेवली नाही.

शेवटचा सूर संपला. लोक उभे राहिले. मास्तरांनी आरशात पाहिलं, तर त्यात कुणीच नव्हतं.

पहिल्या व्हायोलिनवाल्याने आणि दोघा कामगारांनी बाईंना बिळातून उचलून काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर दवाखान्यात खाटेशी बसले होते. बाईंचे डोळे मिटलेले, श्वास घरघरत होता. मुलगी औषध आणायला गेली तसे ते वाकले आणि बाईंच्या कानाला तोंड लावून म्हणाले, "अगं, मी तुला नको म्हणायला हवं होतं. मला कान हवे होते म्हणून तुझा जीव घेतला. ऐकतेस ना?"

नर्स पलीकडून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणून तिचं बोलणं त्यांना ओठांवरून कळलं.

"आजोबा, त्या डोळे उघडतील तेव्हा बोला."

"शेवटपर्यंत ऐकू येतं माणसाला. डॉक्टर म्हणाले."

"यांना नाही येत. काल आणलं तेव्हा स्वतःच म्हणाल्या, 'माझ्याशी बोलताना समोर या, माझे कान कधीचेच गेलेत. आमच्या ह्यांच्याही आधी.' घरी सांगू नका म्हणाल्या. 'आरशात ह्यांची छडी दिसते, तेवढ्यावर माझं काम भागतं,' असं म्हणाल्या."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. त्या त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला गेल्या.