चमचाभर विरजण

शेवटच्या दिवशीही पहिलीतल्या पायलने हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. दह्याने गरीब मुलांचा ताण कमी होतो का, हे तपासायला एक साहेब महिनाभर शाळेत दही वाटत होते. खाऊन झालं की कागदावरच्या हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्यावर खूण करायची. रडका निवडला आणि दही बंद झालं, तर आजारी भावासाठी डब्यातून काय न्यायचं?

साहेब खूश झाले. "हिचा ताण पार गेला. आता दही बंद."

पायलने डब्यातल्या दह्यावर झाकण घट्ट लावलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. "अगं, चमचाभर विरजणाला ठेव. सकाळी पातेलंभर होतं." बाईंच्या घरी दूध रोजच असायचं, म्हणून दुधाचं सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी पायलने पातेलंभर पाण्यात चमचाभर दही कालवलं, वर ताट झाकलं.

सकाळी भाऊ वाटी घेऊन शेजारी बसला. तिने ताट उचललं. पाणी जेमतेम गढूळ झालं होतं.

"ताई, झालं?"

"अजून लागलं नाही रे. दही लाजतं, सारखं बघायचं नाही."

तिने ताट परत झाकलं आणि कागदावरच्या त्या चेहऱ्यासारखी हसली.