बाजूला कोन ऱ्हातं?

राहीबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या. हॉल बघितला नाही, बाल्कनी बघितली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या.

"जरा गप ऱ्हावा सगली."

एजंट चांगदेव बोलता बोलता थांबला. भावेशने बायकोकडे, रुचिकाकडे पाहिलं. काल्हेरमधला हा तिसरा फ्लॅट, आणि प्रत्येक ठिकाणी आईचं हेच चाललं होतं. आधी भिंतीला कान लावायचा, मग मुठीने ठोकून बघायचं, मग विचारायचं, "बाजूला कोन ऱ्हातं?"

"भिंत एकदम पक्की आहे, मावशी," चांगदेव म्हणाला. "शेजारी लग्न लागलं तरी इकडे कळणार नाही."

"मंग नको," राहीबाई म्हणाल्या आणि चपला घालायला वळल्या.

धामणकर नाक्याजवळचं त्यांचं घर दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या लूमच्या कारखान्यांनी घेरलेलं होतं. तिथे साधं बोलायचं तरी ओरडावं लागे. गेल्या वर्षी भावेशचे वडील केसरीनाथ वारले, दुपारी झोपेतच गेले असं आईने सांगितलं होतं, आणि आईला आता शांत जागी न्यायचंच असं त्याने ठरवून टाकलं. घर शेजारच्या लूमवाल्याने घेतलं. त्याला महिनाअखेर ताबा हवा होता. बँकेचं कर्ज मंजूर होतं. गॅसची बदली, रेशनकार्डावरचा पत्ता, सगळ्याची चौकशी रुचिका करून आली होती. टेम्पोवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. सामान निम्मं बांधून झालं, पण ते उतरवायचं कुठे हेच ठरत नव्हतं.

जिना उतरताना भावेशने विचारलं, "आई, ओल बघतेस का भिंतीत?"

"न्हाय."

"वास्तूचं कुणी काही सांगितलंय का?"

"न्हाय रे."

रुचिका मागून हळूच म्हणाली, "आईंना घर सोडायचंच नसेल. म्हणून काहीतरी खोट काढतात." भावेशला ते पटत नव्हतं. खोट काढणारं माणूस नळ बघतं, फरशी बघतं. आई दुसऱ्या कशाकडेच बघत नव्हती. तिला भिंतीतून काय ऐकायचं होतं?

"अजून एक जागा आहे," चांगदेव जरा अडखळत म्हणाला. "पण तुम्हाला आवडायची नाही."

खरंच आवडण्यासारखी नव्हती. मालकाने एका मोठ्या फ्लॅटचे दोन केले होते आणि मधे पातळशी भिंत घातली होती. आत पाऊल टाकलं तोच कुकरची शिट्टी ऐकू आली. भावेशला वाटलं, इथेच वाजली. पलीकडे एक बाई कुणाला तरी दामटत होती, "दप्तर उचल आधी, मग खायला मिळेल!" रुचिकाने तोंड वाकडं केलं.

राहीबाई मात्र भिंतीजवळ उभ्या होत्या. या वेळी कान लावायची गरजच नव्हती. थोडा वेळ त्यांनी ऐकलं, आणि अचानक जीव खाऊन हाक मारली.

"अगो बाय! कोन हाय का गो?"

रुचिका दचकली. पलीकडचं बोलणं थांबलं. "कोण? काय झालं?" भिंतीतून आवाज आला, बांगड्या वाजल्या, धावती पावलं आली, आणि कणकेने भरलेले हात तसेच घेऊन एक बाई दारात उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"कोण ओरडलं? कुणाला काही झालं का?"

"काय न्हाय झालं, बाय," राहीबाई म्हणाल्या. "तुझं नाव काय?"

"गोदू."

राहीबाई भावेशकडे वळल्या. "हीच जागा घ्यायची."

भावेश आईला बाल्कनीत घेऊन गेला. त्याचा आवाज चढला होता. "अगं, आवाजाला कंटाळून तर आपण तिथून निघतोय ना?"

"तुझा बाबा झोपंत न्हाय गेला, भावेश."

भावेशने बाल्कनीचं दार ओढून घेतलं.

"तू पूर्णाला गोदामात ड्युटीवर व्हतास. सकालीच पडला तो, ओट्यापाशी. माझं मनगट असं धरलं का सुटंना. जाग्यावरना उठता येईना मना. हाका मारल्या. गला बसला माझा. भिंतीपल्याड मानसं व्हती रे, हाकेच्या अंतरावर. पन लूम चालू. दुपारी लाइट गेली, लूम थांबले, तवा माझा आवाज ऐकू गेला त्यांना." राहीबाईंनी पदराने तोंड पुसलं. "धावत आली बिचारी. पन तवर तो गेला व्हता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुला घास ग्वाड लागला असता का?"

लूमशेजारच्या त्या घरात आई त्यानंतर वर्षभर राहिली होती. भावेश रोज ड्युटीवर जायचा, रुचिका शाळेत शिकवायला जायची, आणि आई दिवसभर एकटी असायची.

तो आत आला तेव्हा गोदू दारातच थांबून रुचिकाशी बोलत होती. पाणी किती वाजता येतं, दूधवाला कोण, ते सांगत होती. चांगदेव लगबगीने पुढे झाला. एवढ्या गोंगाटाने गिऱ्हाईक हातचं जाणार अशी त्याला धास्ती वाटत होती.

"भाऊ, आवाजाचं मनावर घेऊ नका. मालकाशी मी बोलतो. ताबा द्यायच्या आधी ही भिंत दुप्पट जाड करून देतील."

"नको," भावेश म्हणाला. "तिच्यावर एक वीटसुद्धा चढवायची नाही."