मनगटावरचं घड्याळ

"सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही," काका म्हणाले. "माझा स्वतःचा अजून बसलेला नाही."

त्वचारोगाच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेली पार्लरवाली सरसावली. ती नुकतीच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली होती, तोंड पाडून. तिला काकांसारखाच सोरायसिस, आणि आठवड्याला एकदा घ्यायची तीच गोळी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फ्लूची लस घ्या आणि त्यानंतर दोन आठवडे गोळी थांबवा. गोळी कातडी शांत ठेवते, तशी शरीराची प्रतिकारशक्तीही दाबते. मग लस नीट लागू पडत नाही. घरी सासूबाईंचे कर्करोगाचे उपचार चालू होते, म्हणून हा खटाटोप. पण हात सोलवटले तर कुठलं गिऱ्हाईक तोंडाला हात लावू देणार, हा तिचा प्रश्न होता.

काकांचा जन्म घड्याळाच्या दुकानात गेलेला. गिऱ्हाईक घड्याळ नंतर बघतं, आधी विकणाऱ्याचं मनगट बघतं, असं ते सांगायचे. थापा मारण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बंद घड्याळसुद्धा 'विश्रांती घेतंय' म्हणून खपवायचे.

त्यांची लेक पलीकडे मान खाली घालून बसली होती. ही गोष्ट तिला पाठ होती. हसायचा भाग संपल्यावर काय येतं, तेही.

काकांनी मोबाइल काढून आधी बायको दाखवली. दुकानातल्या निरोपाच्या सत्काराचा फोटो. काकांच्या बाह्या दुमडलेल्या, मालक त्यांच्या मनगटावर नवं घड्याळ बांधताहेत, आणि शेजारी काकू तोंडाला पदर लावून हसताहेत. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला, काका म्हणाले. पार्लरवालीनं मोबाइल हातात घेतला आणि काकूंच्या गोड चेहऱ्याचं कौतुक केलं.

दोन वर्षांपूर्वी काकांनाही याच डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. काकूंची फुप्फुसं नाजूक. घरात आजार आणायचा नाही, म्हणून काकांनी लस घेतली आणि गोळी बंद केली. मग जे झालं ते झालं. खवले इतके झडले की झाडू झिजला. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले, वर पिठाची गिरणी टाकलीत का. अंथरूण झटकलं की गल्लीतली मांजरं पांढरी होऊन फिरायची.

पार्लरवालीला हसू आवरेना.

"हसा," काका म्हणाले. "पण दुसऱ्या आठवड्यात चमचा धरवेना. मनगटापासून कोपरापर्यंत नुसती भेगाळलेली जमीन. ती बिचारी मला भरवायची. दुसरा आठवडा सरत आला, आणि आधी मला सर्दी, मग तिला ताप."

पुढचं त्यांनी थोडक्यात उरकलं. दवाखाना, नळ्या, आणि परगावाहून धावत आलेली लेक, जिला आईशी चार शब्दही बोलता आले नाहीत. तेव्हापासून लेक त्या डॉक्टरांच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. बापाला दारापर्यंत सोडायची आणि बाहेर बसायची. बापानं एवढं सोसलं आणि यांची लस कुचकामी निघाली, हा राग तिनं जपून ठेवला होता.

"म्हणजे थांबवून उपयोग नाही," पार्लरवाली हळूच म्हणाली.

"काडीचा नाही. आपण सोलून निघायचं आणि लसीनं दगा द्यायचा. तुम्ही आपली गोळी चालू ठेवा, ताई. हात सांभाळा, धंदा सांभाळा."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पर्स उघडून तिनं गोळ्यांची पट्टी चाचपली आणि मोबाइल परत देण्यासाठी पुढे केला. तो लेकीनं घेतला.

त्या फोटोत आजवर तिनं आईच्या चेहऱ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. आता तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. घड्याळ मोठं झालं, मग त्याखालची कातडी.

काका पार्लरवालीला मांजरांचं पुन्हा सांगू लागले होते.

"बाबा," लेक म्हणाली, "आईला ताप आला त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या मनगटावर एक खवला नव्हता. गोळी तुम्ही थांबवलीच नव्हती."